तू आधी काय वाजवायचास?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांचे इअरफोन नेहमी घरीच राहतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना 'म्हणजे' फार वेळा आलं होतं, तेवढं कमी केलंय. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय आमच्याच भांडणातून निघाला. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की दिवसा मी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी सिडकोतल्या एका खोलीत आम्ही चौघं ब्लूज रॉक वाजवतो. मी बेस गिटार. ड्रमर पूर्वी बँजो पार्टीत पॅड वाजवायचा. गणपती, आंबेडकर जयंती, वराती, सगळं करून झालंय त्याचं. गिटारवाला पूर्ण यूट्यूबवर शिकलेला. आणि गायक गंगापूरकडच्या एका गावातला, भजनी मंडळात वाढलेला. हरिनाम सप्ताहात पहाटेच्या काकड्याला उभं राहून त्याचा आवाज तयार झालाय.

गेल्या महिन्यात एका कॅफेने आमचा कार्यक्रम ठरवला आणि पोस्टरसाठी प्रत्येकाच्या दोन ओळी मागितल्या : नाव आणि सांगीतिक पार्श्वभूमी. गायक म्हणाला, "माझ्यापुढे डॅश टाक." मी म्हटलं, अरे भजन? तर म्हणे, "ते काय ब्लूज आहे का? लोक हसतील."

तिथून वाद सुरू झाला. शेवटी मी म्हटलं, बघूच, आपल्या महाराष्ट्रातल्या नि गोव्यातल्या ज्या लोकांनी हे संगीत वाजवलं, ते बँडच्या आधी काय करत होते.

सुरुवात तुम्हाला माहीत असलेल्या ठिकाणाहून करतो. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांनी रॉक बँड पहिल्यांदा बघितला तो २००८ च्या 'रॉक ऑन'मध्ये. मी तेव्हा शाळेत होतो, आणि त्या सिनेमानंतर वर्गातल्या निम्म्या पोरांना गिटार घ्यायची होती. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. आता या तिघांकडे एक बँड म्हणून बघा.

एहसान नूरानी हे अस्सल ब्लूजवाले. गिटार शिकायला ते १९८० च्या दशकात थेट लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये गेले. लॉय मेंडोन्सा पियानो-कीबोर्डवाले. आणि शंकर महादेवन? चेंबूरमध्ये वाढलेलं तमिळ कुटुंब, लहानपणी वीणा, आणि पुढे गुरू कोण, तर श्रीनिवास खळे. 'अभंग तुकयाचे' करणारे खळेकाका. भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्या 'राम श्याम गुणगान' या खळ्यांच्या अल्बममध्ये शंकर यांनी वीणा वाजवलीय. शिवाय नेरुळच्या रामराव आदिक कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, १९८८ ची बॅच, आणि त्यानंतर काही काळ सॉफ्टवेअरची नोकरी. (ही माहिती मी आईला दोनदा ऐकवलीय. तिच्यावर काही परिणाम झालेला नाही.)

म्हणजे ज्या सिनेमाने आपल्याला रॉक दाखवला, त्याच्या संगीतामागच्या तिघांपैकी एकाचं बॅकग्राउंड भावगीत आणि अभंग हे होतं. २०१५ मध्ये याच तिघांनी 'कट्यार काळजात घुसली' या सिनेमाला संगीत दिलं आणि शंकर त्यात पंडित भानुशंकर शास्त्री झाले. ते दाराबाहेर काहीच ठेवून आले नव्हते.

आता थोडं मुळाकडे. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं. गुलामी कायद्याने संपली तरी शेतावरची मजुरी, कर्ज आणि अपमान संपला नव्हता, त्या काळातलं. मडी वॉटर्स मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर काम करत होते. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन तिथे पोचले आणि मडींनी आपला आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकला. दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, ते शिकागोला गेले, इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, आणि पुढे इंग्लंडमधल्या पोरांच्या एका बँडने त्यांच्या एका गाण्यावरून स्वतःचं नाव ठेवलं : रोलिंग स्टोन्स. बी. बी. किंग यांना गिटारचे पहिले धडे मिळाले चर्चमधल्या उपदेशकाकडून. गाणं सुरू झालं तेही चर्चच्या भक्तिगीतांपासून.

हे मी आमच्या गायकाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. पण मग म्हणाला, "त्यांचं चर्च त्यांच्या गाण्याच्या घरचं होतं. माझं विठ्ठलमंदिर कुठे त्यांच्या घरचं?" मुद्दा बरोबर होता. भजनी मंडळ आणि मिसिसिपी एकच, असं म्हणणं खोटंच झालं असतं. दुःखं वेगळी, इतिहास वेगळा.

स्वरांपुरतं मात्र एक सांगतो. ब्लूज गिटारवर सगळ्यात आधी शिकवतात ते पाच स्वर : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे हेच पाच स्वर धानी रागात येतात. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे मान्य. चलन, विश्रांतीच्या जागा, सगळं वेगळं. पण गळ्याला रस्ता ओळखीचा असतो. आणि ब्लूजमधली सगळ्यात खास जागा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी आहे, जी पियानोवर सापडतच नाही. गिटारवाले त्यासाठी तार ओढतात. आमच्या गिटारवाल्याने त्या एका जागेसाठी तीन महिने बोटं सोलून घेतली. गायकाने ती पहिल्याच दिवशी घेतली, कारण त्याच्या लेखी ती साधी मींड होती.

बरं, हे संगीत आपल्याकडे आलं कसं? मुंबईच्या बंदरातून आणि गोव्याच्या चर्चमधून. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना संगीत शिकवायचे. स्वरलिपी वाचायची, व्हायोलिन धरायचं, प्रार्थनेला गायचं-वाजवायचं. उद्देश एवढाच की रविवारची प्रार्थना नीट व्हावी. पण झालं असं की पिढ्यान् पिढ्या कागदावरचं संगीत बघून वाजवू शकणारी पोरं तयार झाली. गोव्यात पुरेसं काम नव्हतं, मग ती मुंबईला आली, कलकत्त्याला गेली. हॉटेलांत, क्लबांत, लष्कराच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरात पडद्यापुढे बसून वाजवायला.

१९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळे अमेरिकन वादक यायला लागले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा बँड आला. नंतर टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक. त्यांच्याच देशात त्यांना कितीतरी हॉटेलांच्या पुढच्या दारातून आत जाता येत नव्हतं, आणि इथे ते ताजचे मुख्य कलाकार होते. गोव्याच्या पोरांनी त्यांना समोरून ऐकलं. कागद वाचणं त्यांना येतच होतं. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं, ते इथे शिकले.

त्यांच्यातला एक म्हणजे हळदोण्यात १९१६ साली जन्मलेला आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा, लुई आर्मस्ट्राँगचा भक्त. स्टेजवरचं नाव चिक चॉकलेट. पुढे ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड होता. १९४९ मध्ये मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला, क्लबांची रया गेली आणि वादक फिल्म स्टुडिओंकडे वळले. तिथे चिक चॉकलेटची गाठ कोणाशी पडली, तर सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म पुणतांब्याचा. वैजापूर ओलांडून गोदावरीच्या त्या बाजूला गेलं की आलंच पुणतांबं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. आपल्या इथून गाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल, इतकं जवळ.

या माणसाने पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकलं होतं. आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्याच्या संगीतात चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि बाँगो. सिनेमात तो बँड दिसतोसुद्धा. आज यूट्यूबवर 'शोला जो भडके' लावा आणि कान देऊन ऐका. पुणतांब्याचा ग्वाल्हेर घराण्यात शिकलेला संगीतकार आणि हळदोण्याचा चर्चमध्ये शिकलेला ट्रम्पेटवाला, मधे हार्लेमहून मुंबईत आलेला ताल. यात 'शुद्ध' कोण, असं विचारलं तर उत्तर देता येणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. या गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजर्सनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा बांधला, पण पडद्यावर नावं फारशी आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. त्यांचा विद्यार्थी म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले प्यारेलाल. प्यारेलालनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये आपल्या मास्तरांचं नाव गाण्यात घातलं. सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं, आणि बहुतेकांना वाटलं की ते अमिताभच्या पात्राचं नाव आहे.

आता गिटारचा काळ. १९६० च्या दशकात मुंबईत पोरांचे बीट ग्रुप निघाले. परदेशी वाद्यं सहजी मिळत नव्हती, रेकॉर्ड कोणीतरी विमानातून आणली तर दहा घरांत फिरायची, रेडिओ सिलोन कान लावून ऐकायचा आणि गाणं उतरवून काढायचं. सिमला सिगारेटवाले 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरवायचे, त्यातून १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डही निघाल्या. मला त्या ऐकताना मजा येते, पण खरं सांगायचं तर त्या काळातलं बरंचसं वादन हे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणं होतं. आणि हे सगळं मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या, पैसेवाल्या किंवा निदान क्लबात प्रवेश असलेल्या घरांमधलं. त्या वर्षांत आपल्या गावातल्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार दिसली असती तर ती सिनेमाच्या पोस्टरवरच.

'द सॅव्हेजेस' हा त्यातला नावाजलेला बँड. सर जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेला पणजीचा एक मुलगा त्यात काही काळ वाजवत होता : रेमो फर्नांडिस. रेमो पुढे गोव्याला परत गेले, १९८४ मध्ये घरीच चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून 'गोअन क्रेझी' हा अल्बम रेकॉर्ड केला, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानादुकानात पोचवल्या. लॅपटॉपवर बेडरूममध्ये गाणी करणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी हे ऐकून ठेवावं.

१९७२ चा एक प्रसंगही सांगायलाच हवा. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबमध्ये इथल्या पोरांसोबत वाजवून गेले, आणि स्टुडिओत आपल्याकडच्या तबला, सारंगीवाल्यांना घेऊन स्वतःची दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली. त्या वेळचा जगातला सगळ्यात मोठा ब्लूज रॉक बँड आमच्या सारंगीवाल्यांना शोधत आला होता, आणि आमचे बँड त्यांच्यासारखं वाजवायला धडपडत होते. दोन्ही बाजूंचं कुतूहल खरंच होतं, फक्त उलट दिशेला.

आता ज्यांच्यासाठी मी हा भाग केला, त्यांच्याकडे येतो. नंदू भेंडे.

आडनावावरून घरातल्या मोठ्यांना लगेच लागेल. आत्माराम भेंडे यांचा मुलगा. आत्माराम भेंडे म्हणजे मराठी फार्सचे बादशहा. बबन प्रभूंचं 'झोपी गेलेला जागा झाला' आजोबांना विचारा. आई डॉ. आशा भेंडे, अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी; माहेरचं आडनाव एझिकेल. इंग्रजीत लिहिणारे मोठे कवी निस्सिम एझिकेल हे त्यांचे भाऊ, म्हणजे नंदूंचे मामा. एका बाजूला मराठी रंगभूमी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी कविता, आणि घरातली भाषा मराठी. या घरातला मुलगा मुंबईतल्या रॉक बँडमध्ये गायला लागला. व्हेल्वेट फॉग, सॅव्हेजेस, ॲटॉमिक फॉरेस्ट, सगळ्यांत तो होता.

१९७४ मध्ये अलिक पदमसी यांनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत केला. त्यात नंदू ज्युडास. ज्यांनी ती गाणी ऐकलीत त्यांना माहीत आहे की त्या नाटकातलं सगळ्यात अवघड, सगळ्यात ओरबाडणारं गाणं ज्युडासच्या वाट्याला आहे. सुरात किंचाळायचं, पण किंचाळताना शब्द कळले पाहिजेत, आणि माणूस आतून फाटतोय हे दिसलं पाहिजे. माझं म्हणणं असं की इथे नुसता रॉकचा गायक पुरला नसता. नाटकवाल्या घरात वाढलेला, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा फेकायचा हे लहानपणापासून बघितलेला माणूस लागला.

आणि मग १९७८. पुलंनी ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने केलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ जर्मन नाटक १९२८ चं, त्याला कुर्ट वाइल यांचं जॅझकडे झुकणारं संगीत. पुलंच्या नाटकात वेगवेगळी पात्रं वेगवेगळ्या घराण्यांतून आल्यासारखी गातात : कोणी नाट्यसंगीत, कोणी ठुमरी-गझलच्या अंगाने. आणि चोरांचा म्होरक्या अंकुश, म्हणजे नंदू भेंडे, पाश्चात्त्य पॉप-रॉकच्या वळणाने. मराठीत. मराठी प्रेक्षकांपुढे.

मला हे फार मोठं वाटतं, आणि याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. मराठी रॉकची चर्चा निघाली की आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बँडपासून सुरू करतो. पण संगीत नाटकाच्या परंपरेत एक जागा आधीच तयार होती : नट स्वतः गातो, पात्र म्हणून गातो, आणि प्रेक्षकाला त्यात काही विचित्र वाटत नाही. बालगंधर्वांपासून लोकांचा कान त्याला सरावलेला. म्हणून रॉक तिथे घुसू शकला, आणि त्याला आत घेऊन येणारा माणूस दोन्ही घरांतला होता. हाच प्रयोग मुंबईच्या एखाद्या क्लबात मराठी गाण्याने केला असता तर किती टिकला असता, याची मला शंका आहे.

पुढे नंदूंनी हिंदी सिनेमातही गाणी गायली. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णाचं गाणं त्यांच्याच आवाजात आहे. ११ एप्रिल २०१४ ला ते गेले. वडील आत्माराम भेंडे त्यानंतर वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी २०१५ मध्ये.

ॲटॉमिक फॉरेस्टचं जे काही रेकॉर्डिंग शिल्लक होतं ते लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन नावाच्या कंपनीने शोधून पुन्हा काढलं. परदेशातले जुन्या रेकॉर्ड गोळा करणारे लोक त्यावर आज उत्साहाने बोलतात. त्या बँडमधल्या एका गायकाने पुलंच्या नाटकात मराठीत रॉक गायला होता, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असणार. आणि 'तीन पैशाचा तमाशा' आठवणाऱ्या आपल्या काका-मामांना ॲटॉमिक फॉरेस्ट हे नाव सांगून बघा, ते विचारतील की ही कुठल्या अभयारण्यातली जागा.

जाता जाता ऐकायला काय लावायचं ते सांगतो. आधी मडी वॉटर्स, कुठलंही. मग 'अलबेला'. मग 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज', हा वॉरन मेंडोन्सा यांचा मुंबईतला प्रकल्प, बिनशब्दांची गिटार. वॉरन हे लॉय मेंडोन्सांचे पुतणे, आधी 'झीरो' या बँडमध्ये होते. आणि शेवटी घरातल्या कोणा मोठ्या माणसाला शेजारी बसवून 'तीन पैशाचा तमाशा'तली नंदूंची जी गाणी नेटवर सापडतील ती. आवाज थोडा वाढवूनच लावा, रेकॉर्डिंग जुनं आहे.